अपघातात चेहऱ्याला झालेल्या जखमेत बुरशी झाली आहे. ऑपरेशन टाळून नुसत्या इंजेक्शनवर बरं होईल का?

तुम्ही लिहिलंय, भावाच्या गालाचं हाड मोडलं, जखम शिवली, दहाव्या दिवशी कडा काळ्या पडल्या. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, घरचे म्हणतात आधी इंजेक्शनं देऊन बघू. कळकळीनं सांगतो, थांबू नका.

मी डॉक्टर नाही. आमच्या आण्णांचं, म्हणजे चुलत्यांचं, असंच झालं होतं. पलूसजवळ उसाची ट्रॉली उलटली, चेहरा मातीत घासला. आम्ही घरी हळद दाबली, मग जवळच जखम शिवून घेतली. अँटिबायोटिक चालू असूनही गाल बधिर झाला आणि कातडी काळी पडली. मिरजेला नेल्यावर कळलं, म्युकर, म्हणजे काळी बुरशी. कोविड झालेल्यांनाच ती होते असं आम्ही धरून चाललो होतो. ती मातीतून थेट जखमेतही शिरते.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते. रक्त अडतं, मांस मरतं, आणि मेलेल्या मांसापर्यंत शिरेतून दिलेलं औषध पोचतच नाही. म्हणून ते कापून काढावंच लागतं. आण्णांचं तीनदा काढलं.

तपासणीला वरवरचा पू पुरत नाही, आतला तुकडा लागतो. तो सगळा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावात) टाकला तर कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून बघायची तपासणी, होत नाही. थोडा सलाइनमध्ये वेगळा पाठवायला सांगा. मायक्रोस्कोपखाली बुरशी त्याच दिवशी दिसू शकते. जात कळणं महत्त्वाचं, कारण ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर चालणारं व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर चालत नाही.

म्युकरला लायपोसोमल अँफोटेरिसिनचं इंजेक्शन देतात, साधारण किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम. आण्णांचं वजन 60 किलो, म्हणजे रोज 50 मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या. खर्चाचं त्याच दिवशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या माणसाला, विचारा. हे औषध किडनीला जड जातं आणि पोटॅशियम उतरवतं, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम वरचेवर तपासतात. पुढं आण्णांना कित्येक आठवडे पोसाकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या होत्या. भावाची साखर तपासली का? वाढलेली असेल तर तीही लगेच आटोक्यात आणावी लागते.

चेहरा बिघडेल ही भीती आम्हालाही होती. आण्णांच्या टाळूचा भाग गेला, पण नंतर कृत्रिम टाळू बसवली आणि आता ते भाकरी खातात.

भावाची पापणी उतरली, डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसायला लागले, तर सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढा.