परक्या भाषेतले चित्रपट आपल्याला रडवतात ते कशामुळे?

आपण विचारले आहे की जपानी, इराणी किंवा इटालियन चित्रपट पाहताना, भाषा कळत नसताना आणि चालीरीती अनोळखी असताना गळा का दाटून येतो. हे खरोखर चित्रपटाचे बळ असते, की जगभर नावाजलेली कलाकृती पाहत आहोत या जाणिवेने आपण आधीच भारावलेले असतो? नावाचा दबदबा काही काळ काम करतो, हे मला मान्य आहे. पण त्या दबदब्याने प्रेक्षक फार तर आदराने बसून राहतो, त्याला रडू येत नाही. माझ्यापुरते उत्तर असे आहे की जे परदेशी चित्रपट माझ्या मनात वर्षानुवर्षे राहिले, त्यांतल्या बहुतेकांत दुःख आहे आणि त्या दुःखाचा गुन्हेगार मात्र कोणीच नाही. रागावायला माणूस सापडला की प्रेक्षकाचे दुःख रागाच्या वाटेने निघून जाते. तसा माणूस सापडलाच नाही, तर ते आपल्याबरोबर घरी येते.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ हे माझ्या दृष्टीने याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची या बंदराच्या गावी राहणारे शुकिची आणि तोमी हे वृद्ध जोडपे आपल्या मुलांना भेटायला टोकियोला जाते. थोरला मुलगा शहराच्या कडेच्या वस्तीत डॉक्टर आहे, मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवते. दोघांनाही वेळ नाही, म्हणून ती आईवडिलांना अतामीच्या गरम झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. तिथे रात्रभरच्या गोंगाटाने झोप लागत नाही आणि म्हातारी माणसे ठरल्यापेक्षा लवकर परततात. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा पत्नी नोरिको तेवढी कामावरून सुट्टी काढून त्यांना शहर दाखवते. परतीच्या प्रवासात तोमीची प्रकृती बिघडते आणि गावी पोहोचल्यावर काही दिवसांतच तिचा मृत्यू होतो. कथानक म्हणून सांगण्यासारखे एवढेच आहे.

ही कथा ऐकून मराठी वाचकाला ‘नटसम्राट’ आठवणे अगदी स्वाभाविक आहे. कुसुमाग्रजांच्या १९७० सालच्या त्या नाटकातही मुलांच्या घरी परके झालेले वृद्ध आईवडील आहेत. त्या नाटकाविषयी मला अतिशय आदर आहे. पण तिथे अप्पासाहेब बेलवलकरांचा अपमान होतो, चोरीचा आळ येतो, आणि प्रेक्षागृहातला प्रत्येक माणूस त्या क्षणी त्यांच्या बाजूने उभा राहतो. ओझू आपल्याला अशी बाजू घेऊच देत नाहीत. त्यांच्या चित्रपटात अपमान फार बारीक आहेत, इतके की करणाऱ्यालाही ते अपमान वाटत नाहीत. जावई सासूसासऱ्यांसाठी महागडा केक आणतो, तेव्हा शिगे म्हणते की एवढा खर्च कशाला, साध्या बिस्किटांवर भागले असते. दुकानातल्या गिऱ्हाइकाने ही माणसे कोण असे विचारल्यावर ती ‘गावाकडच्या ओळखीची’ असे सांगून मोकळी होते. आई आता सकाळपर्यंत राहणार नाही हे कळल्यावर हीच शिगे हुंदके देऊन रडते, आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणात हीच शिगे आईचे कपडे आपल्याला हवेत असेही सांगून टाकते. तिचे रडणे खरे आहे आणि कपडे मागणेही तितकेच खरे आहे. दोन्ही एकाच बाईत मावतात. तिला ढोंगी म्हणण्याची सोय चित्रपट आपल्याला देत नाही.

मी हा चित्रपट माझ्या आईला दाखवला, तेव्हा पडद्याखाली उमटणारी इंग्रजी वाक्ये मी तिला मराठीत सांगत होतो. केकचा प्रसंग आला तेव्हा माझा आवाज चढला असावा, कारण आई शांतपणे म्हणाली, “अरे, तिचं दुकान आहे. गिऱ्हाईक खोळंबलं की दुसरीकडे जातं. ती तरी किती दिवस बंद ठेवणार?” ज्या वयाच्या माणसांसाठी मी रागावत होतो, त्याच वयाची बाई मुलीची बाजू घेत होती. पडद्यावरचे आईवडीलही नेमके हेच करतात. परतीच्या वाटेवर ओसाकाला उतरलेले ते दोघे आपसांत बोलतात, त्यात मुलांकडून अपेक्षाभंग झाल्याची कबुली आहे. पण आपली मुले इतरांपेक्षा बरीच आहेत, आपण सुदैवीच म्हणायचे, असे ते शेवटी एकमेकांना समजावतात. ते मनापासून बोलत आहेत की स्वतःची समजूत घालत आहेत, हे मला आजही ठरवता येत नाही. आईला मात्र त्यात ठरवण्यासारखे काही वाटले नाही.

हा परिणाम केवळ पटकथेचा नाही. ओझू आणि त्यांचे छायाचित्रकार युहारू आत्सुता कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीला, किंबहुना त्याहून थोडा खालीच ठेवतात, आणि तो जवळजवळ हलवतच नाहीत. बोलणारी व्यक्ती थेट समोर पाहून बोलते. महत्त्वाची गोष्ट अशी की नोरिको असो वा शिगे, प्रत्येकीला तेच अंतर आणि तीच उंची मिळते. भल्या माणसावर कॅमेरा रेंगाळत नाही आणि स्वार्थी माणसाकडे तिरका पाहत नाही. दिग्दर्शकाने निवाडा केलेला नसल्यामुळे तो उसना घेण्याचीही सोय राहत नाही.

नोरिकोसारख्या चांगल्या माणसालाही ओझू पूर्ण निर्दोष ठेवत नाहीत, आणि माझ्या मते चित्रपटाची खरी उंची इथे आहे. सासरे तिला म्हणतात की पोटच्या मुलांपेक्षा तूच आमचे अधिक केलेस, आता मागचे विसर आणि पुन्हा लग्न कर. त्यावर ती सांगते की तुम्हाला वाटते तितकी मी चांगली नाही. नवऱ्याची आठवणही न होता दिवस निघून जातात, आणि काहीतरी घडावे अशी आतून वाट पाहत असते. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. त्या काळातल्या जपानमध्ये अशा स्त्रिया घरोघरी असणार, आणि मृताला विसरू लागल्याची त्यांची अपराधी भावना कोणत्याही सरकारी नोंदीत आलेली नसणार. नोरिकोची भूमिका करणाऱ्या सेत्सुको हारा यांनी हा प्रसंग ज्या रीतीने केला आहे, तसा अभिनय मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. धाकटी नणंद क्योको तिला विचारते की आयुष्य निराशाजनकच असते ना, तेव्हा ती होकार देते, आणि तो देताना हसते.

इराणी दिग्दर्शक असगर फरहादी यांच्या २०११ सालच्या ‘अ सेपरेशन’मध्ये हीच गोष्ट वेगाने आणि पोलीस तपासासारख्या ताणाने घडते. तेहरानमधली सिमिन मुलीच्या भवितव्यासाठी देश सोडू पाहते. तिचा नवरा नादेर स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सोडून जायला तयार नाही. तुम्ही मुलगा आहात हे त्यांना कळते तरी का, असे ती विचारते, आणि तो म्हणतो की ते माझे वडील आहेत हे मला कळते. पहिल्याच दृश्यात हे दोघे न्यायाधीशासमोर बसून थेट कॅमेऱ्याकडे पाहत वाद घालतात, म्हणजे न्यायाधीशाची खुर्ची प्रेक्षकाला दिलेली आहे. पुढे वडिलांना सांभाळायला आलेली गरोदर राझिए, तिचा कर्जबाजारी आणि तापट नवरा, एक धक्का, एक गर्भपात, एक आरोप, असे एकेक प्रकरण समोर येते. जो बोलतो त्याचे आपल्याला पटते, आणि दुसरा बोलू लागला की त्याचेही पटते. खोटे जवळजवळ सगळेच बोलतात, पण कोणाला तरी वाचवण्यासाठी. इराणचा कायदा, तिथली धर्मश्रद्धा, कुराणावर हात ठेवून शपथ घेण्याची धास्ती हे सगळे त्या भूमीतलेच आहे आणि फरहादी ते परदेशी प्रेक्षकासाठी सोपे करून सांगत नाहीत. तरीही वडिलांना आंघोळ घालताना नादेर त्यांच्या पाठीला टेकून रडतो, तेव्हा समजून घेण्यासारखे काही उरत नाही.

इटालियन दिग्दर्शक दे सिका यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ज’बद्दल इतके लिहिले गेले आहे की मी एकाच दृश्याकडे आपले लक्ष वेधतो. नोकरीसाठी लागणारी, गहाण पडलेली सायकल सोडवण्यासाठी गरीब अंतोनियोची पत्नी घरातल्या चादरी गहाण टाकते. दुकानातला माणूस ते गाठोडे घेऊन मांडणीवर चढत जातो आणि आपल्याला दिसते की छतापर्यंत अशीच गाठोडी रचलेली आहेत. चोर अजून कथेत आलेलाही नसतो. पुढे ती सायकल चोरीला जाते, चोर सापडतो तोही अशाच दरिद्री खोलीत राहणारा निघतो, आणि अखेरीस अंतोनियो स्वतः दुसऱ्याची सायकल चोरायला हात घालतो.

आता आपल्या प्रश्नातल्या परकेपणाविषयी. चित्रपट भावण्यासाठी त्यातली संस्कृती आपल्या संस्कृतीसारखी असावी लागते, हे मला पटत नाही. उलट आपल्या मातीतली गोष्ट पाहताना कोण बरोबर आणि कोण चूक याचे हिशेब आपल्याला पाठ असतात. पात्राच्या पहिल्या दोन वाक्यांतच आपण त्याची जात, वर्ग, नियत ठरवून टाकतो. ओनोमिचीच्या घरातले हिशेब आपल्याला ठाऊक नसतात, म्हणून आपण निमूटपणे बघत राहतो, आणि हे बघणे कदाचित आपल्या घरात आपण कधी केलेलेच नसते.

आपण सुरुवात करणार असाल तर ‘अ सेपरेशन’ आधी पाहावा, कारण त्याचा वेग आपल्या सवयीचा आहे. ‘टोकियो स्टोरी’ दोन तासांहून मोठा आहे आणि सुरुवातीला त्यात काहीच घडत नाही असे वाटेल. प्रवासाची तयारी चालू असताना हवेची उशी कोणाच्या सामानात आहे यावर त्या दोघांचे जे बोलणे होते, तिथून लक्ष देऊन पाहा. शुकिची ती आपण बायकोकडे दिल्याचे सांगतो, आणि थोड्या वेळाने ती त्याच्याच सामानात सापडते. शक्य असल्यास हा चित्रपट घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर पाहावा, आणि मध्ये मध्ये त्यांना काय वाटते ते विचारावे.