चिन्हांकन नको, डाग द्या

प्रश्न असा आला आहे : ‘तळ्याच्या पाण्यातले कोणते जीवाणू खरोखर कामात आहेत हे आयसोटोप लेबलिंग करून शोधतात. या लेबलिंगला “चिन्हांकन” म्हणावं का? आणि ॲक्टिव्ह म्हणजे सक्रिय की क्रियाशील?’

आधी एक जुनी चीड. समस्थानिक (म्हणजे आयसोटोप, एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू) म्हटलं की लोक मागे ‘किरणोत्सारी’ लावूनच मोकळे होतात, जणू घराण्याचं नाव! कार्बन-१४ किरणोत्सारी, कार्बन-१३ अजिबात नाही. निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्का तोच असतो, म्हणजे तुमच्या आमटीतही आहे. ‘समस्थानिक’ शब्द मात्र बावनकशी. आवर्तसारणीत एकाच घरात राहणारे ते समस्थानिक. मूळ इंग्रजी शब्द फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाला मार्गारेट टॉड या डॉक्टर-कादंबरीकार बाईंनी सुचवला, १९१३ साली तो छापला गेला. असो.

आता चिन्हांकन. अहो, अंक म्हणजेच खूण! सशाची खूण अंगावर वागवतो म्हणून चंद्र शशांक. त्याला पुन्हा चिन्ह चिकटवणं म्हणजे पिवळं पीतांबर नेसणं. परिभाषा घडवणाऱ्यांना शब्द लांबला की तो शास्त्रीय झाला असं का वाटतं, कोण जाणे.

माझा शब्द आहे डाग. ‘फारसी आहे, शिवाय कलंक वाटतो’, असं नाक मुरडणाऱ्यांनी जरा थांबावं. फारसी ‘दाग’ म्हणजे तापल्या लोखंडाने उठवलेली खूण, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘दह्’शी सख्ख्या नात्याचं. दाह, दग्ध आणि उन्हाळ्याला म्हणतात तो ‘निदाघ’ ही सगळी एकाच चुलीची भावंडं. अंगावरच्या सोन्याच्या जिनसेला आपण डाग म्हणतो, तोही याच खुणेतून आला असावा असं मला वाटतं. मित्रांना पटत नाही, न पटो.

पण खरी गंमत पागेत आहे. अलाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने घोड्यांना डाग द्यायची पद्धत चालवली. का? गणतीच्या दिवशी सरदार तोच घोडा दोनदा पुढे करत, नाहीतर तगड्याच्या जागी मरतुकडं तट्टू उभं करत. कागदावर हजार, कामाचे किती? तळ्यातही हाच घोळ. नुसता डीएनए मोजला तर मेलेले, निजलेले, सगळेच हजेरीत येतात. म्हणून पाण्यात कार्बन-१३ किंवा नायट्रोजन-१५ असा जड समस्थानिक घातलेलं खाद्य मिसळायचं आणि थोडा वेळ जाऊ द्यायचा. जांभळं कुणी खाल्ली ते जीभ सांगते, तसं इथे ज्याने खाल्लं त्याचं अंग सांगतं : त्याचा डीएनए जड होतो आणि गरागरा फिरवल्यावर हलक्यापासून वेगळा बसतो. एकेक पेशी तपासायची तर तिच्यावर आयनांचा झोत सोडून बाहेर उडालेले अणू वजनावरून ओळखतात.

स्वित्झर्लंडमधल्या कादान्यो या डोंगरातल्या सरोवरात हेच केलं, २००८ साली ते प्रसिद्ध झालं. क्रोमॅशियम ओकेनी नावाचा जांभळा जीवाणू. संख्येने एकूण पेशींच्या जेमतेम ०.३ टक्के, पण कार्बनचा ७० टक्के आणि अमोनियमचा ४० टक्क्यांहून जास्त फडशा त्याचाच. नुसती डोकी मोजली असती तर हा कुणाच्या खिजगणतीत नसता!

कुणी म्हणेल, डाग बाहेरून लागतो, हा तर आतून. मग चिन्हांकन आतून होतं का?

हां, सक्रिय की क्रियाशील? दोन्ही चालतील. मी सक्रिय लिहितो, एक अक्षर वाचतं.