ड्राफ्टची फूटपट्टी

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा, उंची १७० सेंटिमीटर. आम्हा दोघांचीही उंची बेताचीच. तो एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) ड्राफ्टची, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीची, स्वप्नं बघतोय. आत्ताच थांबवावं का? (एक आई, मेलबर्न)

मुळीच नको. केलेब डॅनियलची उंची १६८ सेंटिमीटर. २०१४च्या ड्राफ्टमध्ये पंचेचाळीस नावं पुकारून झाली, तेव्हा कुठे वेस्टर्न बुलडॉग्जने त्याला घेतलं. २०१६मध्ये तो विजेत्या संघात होता, २०२०मध्ये 'ऑल-ऑस्ट्रेलियन' संघात, म्हणजे त्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात. हेल्मेट घालून खेळणारा हा पठ्ठ्या उंच्यापुऱ्यांशी हवेत झुंजायच्या भानगडीत फारसा पडत नाही. मागच्या फळीत चेंडू हातात आला की मान वर करून बघतो आणि लांबच्या सहकाऱ्याच्या छातीवर अलगद किक टाकतो. बुटक्या मुलाकडे अशी एखादी नजरेत भरणारी गोष्ट लागतेच. 'सगळंच बरं खेळतो' एवढ्यावर १८८ सेंटिमीटरवाल्याचं भागून जातं, तुमच्या मुलाचं भागणार नाही. अन्याय आहे खरा. तेव्हा दोन्ही पायांनी किक घोटून घ्या, रोज.

प्रश्न : भाचा १९९ सेंटिमीटर, बास्केटबॉल खेळतो. फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) कधी खेळलेला नाही. नुसत्या उंचीवर क्लब घेतील?

बघतील नक्की. टेक्सासचा २११ सेंटिमीटर उंच मेसन कॉक्स कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा; कॉलिंगवुड क्लबने त्याला घडवलं आणि २०१८च्या उपांत्य सामन्यात त्याने रिचमंडची दाणादाण उडवली. मात्र रकमन, म्हणजे मध्यभागी उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा गडी, म्हणून १९९ आता जेमतेमच. त्या उंचीला पुढच्या किंवा मागच्या फळीत जास्त वाव आहे, आणि तिथे चेंडूचा अंदाज लागतो, जो बास्केटबॉलच्या कोर्टवर आपोआप येत नाही. शिवाय उंच पोरं उशिरा पिकतात. रकमन मॅक्स गॉनला मेलबर्न क्लबने २००९मध्ये चौतिसाव्या क्रमांकावर घेतलं. 'ऑल-ऑस्ट्रेलियन' व्हायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात गुडघ्याची दुखणी होतीच. भाच्याच्या घरच्यांकडे इतका धीर आहे का, ते आधी विचारा.

प्रश्न : उंची वाढवणारी पावडर द्यावी का?

नाही. पैसे पाण्यात जातील, आणि डब्यात बंदी असलेलं काही निघालं तर मुलगा उत्तेजक चाचणीत अडकेल. वाढीबद्दल खरंच शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा.