‘हिस्टरी पेंटिंग’मधली हिस्टरी

प्रश्न थोडक्यात असा: लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या, इटालियन चित्रकार तिशियनच्या ‘बॅकस आणि अरिआडनी’ या चित्रावर एक ताई मराठीत टिपण लिहीत आहेत. इंग्रजीत त्या चित्राला ‘हिस्टरी पेंटिंग’ म्हटलंय, म्हणून त्यांनी ‘ऐतिहासिक तैलचित्र’ असं लिहिलं. ते वाचून त्यांचा भाऊ म्हणाला, “चित्त्यांच्या रथातून देव उडी मारतोय, यात इतिहास कुठे आला?” मग मराठीत म्हणावं तरी काय?

भावाचं बरोबर आहे. ग्रीक वीर थीसियसने नॅक्सॉस बेटावर टाकून दिलेली अरिआडनी आणि तिच्यावर भाळलेला मद्याचा देव बॅकस, ही निव्वळ पुराणकथा आहे. त्यातून ‘ऐतिहासिक’ हे विशेषण आपल्या वर्तमानपत्रांनी इतकं राबवलंय, की ‘ऐतिहासिक चित्र’ म्हणजे शिवराज्याभिषेकाचं चित्र, फार जुनं चित्र की विक्रमी किमतीला विकलेलं चित्र, तेही कळत नाही.

घोळ मुळात ‘हिस्टरी’ या शब्दातच आहे. ग्रीकमध्ये ‘हिस्तोरिआ’ म्हणजे चौकशी, विचारपूस. दवाखान्यात डॉक्टर पेशंटची ‘हिस्टरी घेतात’, ती या जुन्या अर्थाला धरूनच. लॅटिनमध्ये शब्दाचा अर्थ हकिकत, वृत्तांत असा झाला. इटालियन ‘स्तोरिआ’ आणि फ्रेंच ‘इस्त्वार’ या शब्दांत गोष्ट आणि इतिहास आजही एकाच घरात नांदतात. इंग्रजीत मात्र एकाच मुळाच्या दोन वाटण्या झाल्या. ‘स्टोरी’कडे गोष्ट गेली, ‘हिस्टरी’कडे घडलेलं. चित्रकलेतली संज्ञा वाटणीच्या आधीच्या अर्थाची आहे.

ती रुजवली इटलीतला वास्तुकार आणि लेखक लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीने. १४३५ साली चित्रकलेवर लिहिलेल्या ग्रंथात चित्रकाराचं सर्वांत मोठं काम म्हणून त्याने ‘इस्तोरिआ’चं नाव घेतलं. अनेक माणसं, त्यांच्यात घडणारा एक प्रसंग आणि हावभावांतून दिसणारं त्यांचं मन, हे सगळं त्यात आलं. गर्दी मात्र त्याला नको होती. नऊ-दहा माणसांत भागावं, असं तो म्हणतो आणि दाखला देतो जेवणावळीला नवाच्या वर पाहुणे न बोलावणाऱ्या रोमन विद्वान वारोचा! चित्रातल्या एखाद्या पात्राने प्रेक्षकाकडे बघून, हाताने खुणावून, काय चाललंय ते दाखवावं, असंही तो सुचवतो. हा तर आपला सूत्रधारच झाला.

पुढे फ्रान्समध्ये राजाश्रयाची चित्रकला अकादमी १६४८ साली निघाली आणि चित्रप्रकारांची उतरंड पक्की झाली. अकादमीतल्या १६६७ सालच्या व्याख्यानांच्या प्रस्तावनेत कलेवर लिहिणाऱ्या फेलिब्यांने ती मांडून दाखवली आहे. खाली फळं, फुलं, शिंपले, मग निसर्गचित्र, मग जिवंत प्राणी, मग माणसाचं व्यक्तिचित्र आणि त्याहून वर ‘इतिहास आणि दंतकथा’. इतिहासकारासारखे पराक्रम रंगवा किंवा कवीसारखे रम्य विषय, पायरी एकच. या पायरीला केवढा मान होता ते फ्रेंच चित्रकार ग्रझच्या फजितीवरून कळतं. १७६९ साली त्याने रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस मुलाला खडसावतानाचं चित्र सादर केलं. अकादमीने त्याला सभासद करून घेतलं, पण रोजच्या जगण्यातली दृश्यं रंगवणारा म्हणून, ‘हिस्टरी’वाला म्हणून नव्हे. तो इतका दुखावला, की पुढे अनेक वर्षं त्याने अकादमीच्या प्रदर्शनात चित्रच दिलं नाही.

गंमत म्हणजे नाव फसवं आहे हे इंग्रजांनाही जाणवत होतं. इंग्रज चित्रकार सर जोशुआ रेनल्ड्सने १७७१ सालच्या व्याख्यानात म्हटलंय, की वहिवाट म्हणून मी याला ‘हिस्टरी’ म्हणतो, खरं तर ‘काव्यात्म’ म्हणायला हवं.

आता मराठी शब्द. ‘इतिहास’ म्हणजे ‘इति ह आस’, असं असं झालं म्हणतात. महाभारत स्वतःला इतिहासच म्हणवतं. त्या जुन्या अर्थाने ‘इतिहासचित्र’ हा शब्द तिशियनलाही चालून जाईल. पण आजच्या वाचकाला ‘इतिहास’ म्हटलं की सनावळी आठवते, आणि प्रत्येक वेळी व्युत्पत्तीची तळटीप कोण देत बसणार? ‘चित्रकथा’ म्हणावं तर कॉमिक्स डोळ्यांपुढे येतात. ‘पौराणिक चित्र’ इथे नेमकं बसेल, पण तो शब्द बायबलला चालत नाही आणि रोमच्या सम्राटाला तर नाहीच.

माझं मत ‘आख्यानचित्र’ या शब्दाला. कीर्तनात पूर्वरंग संपला, की उत्तररंगात बुवा आख्यान लावतात. ते हरिश्चंद्राचं असेल, एखाद्या संताचं असेल, नाहीतर तानाजीचं. घडलेलं की कल्पिलेलं, हा हिशेब तिथे कुणी मांडत नाही. गोष्ट श्रोत्यांना आधीच माहीत असते, बघायचं असतं ते बुवा ती कशी रंगवतात. तिशियनच्या आश्रयदात्यांचंही फार वेगळं नसावं. शब्द जरा जड आहे खरा, पण मूळ संज्ञाही काही हलकीफुलकी नाही.

‘ऐतिहासिक चित्र’ तुम्ही राखून ठेवा. त्याच नॅशनल गॅलरीत फ्रेंच चित्रकार पॉल देलारोशचं १८३३ सालचं, इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिच्या शिरच्छेदाचं चित्र आहे. ती १५५४ साली खरोखर मारली गेली, त्यामुळे तिथे हा शब्द चपखल बसतो. अर्थात त्याने प्रसंग अंधाऱ्या दालनात दाखवलाय आणि तिचा वध झाला होता उघड्यावर. तेव्हा ‘आख्यान’ तिथेही डोकावतंच.

जाता जाता ‘तैलचित्रा’विषयी. व्याकरणात चूक काही नाही, पण मराठीत तैलचित्राचं ‘अनावरण’ होतं आणि मग त्याला हार घालतात. ‘बॅकसचं तैलचित्र’ वाचून मला क्षणभर नगरपालिकेचं सभागृहच दिसलं. त्यापेक्षा असं लिहा: तिशियन, ‘बॅकस आणि अरिआडनी’, आख्यानचित्र, १५२०-२३, कॅनव्हासवर तैलरंग.