विचारा तर खरं : कुमुदिनी कमळाची कोण लागते?

प्रश्न : सर, नमस्कार. सप्टेंबरात आम्ही घरचे सगळे कासला गेलो होतो. चालत चालत कुमुदिनी तळ्यापर्यंत पोचलो, पाण्यावर पांढरी फुलंच फुलं, मी म्हटलं काय गोड बारकी कमळं आहेत, तर बीएस्सीला असलेली लेक म्हणते, आई ही कमळाची कोणी नव्हे, ही सूर्यफुलाच्या नात्यातली, डीएनएवरून कळलंय. झालं, ह्यांना हसायला निमित्तच मिळालं, म्हणे फुलांचं काय रक्त काढतात होय? खरं काय ते सांगा. आणि आमच्या कुंडीतल्या झाडाचं पान पाठवलं तर त्याचंही नातं कळेल का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : वहिनी, लेकीला शाबासकी द्या आणि साहेबांना हा अंक वाचायला द्या. पोरगी बरोबर बोलतीय. कासची कुमुदिनी म्हणजे शास्त्रीय नावाने निम्फॉइडिस, ती ज्या गणात, म्हणजे नात्यातल्या कुळांच्या मोठ्या गटात बसते त्याच गणात सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि तिथंच पठारावर पिवळीधमक पसरलेली सोनकी बसते. पुढच्या खेपेला फूल नीट बघा, पाच पाकळ्या, मधे पिवळा ठिपका आणि पाकळ्यांवर कापसासारखी लव. कमळाच्या पाकळीला असली लव कुठं असते?

आता खरी गंमत कमळाची. पाण्यात उगवणारं, मोठ्या पानाचं, सुंदर फुलाचं म्हणून शेकडो वर्षं सगळ्यांनी कमळ आणि वॉटर लिली एकाच घरात घातली, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनियसने १७५३ मध्ये कमळाला वॉटर लिलीच्याच प्रजातीत बसवलं होतं. पण कमळाचं पान बघा, त्याला चीर नसते, ते पाण्यावर उंच उभं राहतं, वॉटर लिलीच्या पानाला चीर असते आणि ते पाण्यावर लोळतं. कमळाच्या परागकणाला तीन खाचा असतात हेही खटकत होतं. मग डीएनए वाचला आणि कमळाचे जवळचे नातलग निघाले कोण, तर पाचगणीला जाताना दिसतात ना, ते उंचच उंच सिल्व्हर ओक! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं छपाईची चूक असेल. सख्खी भावंडं नव्हेत हो, वाटण्या होऊन कोट्यवधी वर्षं झालीत, पण खानदान एक. आणि वॉटर लिली तर सगळ्या फुलझाडांच्या अगदी सुरुवातीलाच वेगळी निघालेली, म्हणजे कमळ तिच्यापेक्षा सूर्यफुलाला जवळचं.

हे कळतं कसं? आमच्या गावाकडं सुगी झाली की हेळवी यायचा, बैल घेऊन, दारात बसून सात पिढ्यांची नावं धडाधडा सांगायचा, त्याच्याकडं वह्या असायच्या. आता समजा एका जुन्या वहीवरून दोघांनी नक्कल केली, एकाने 'महादू'चा 'माधू' केला, तर पुढं त्याच्यावरून उतरवलेल्या प्रत्येक वहीत माधूच येणार. दहा वह्या समोर ठेवल्या की कोणत्या वह्यांत एकसारख्या चुका आहेत त्यावरून कुठली कशावरून उतरली ते जुळवता येतं. डीएनए म्हणजे चार अक्षरांची अशीच वही, पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना एखादं अक्षर बदलतं आणि ते वंशात राहून जातं. डीएनएतली एकच ठरावीक जागा सगळ्या झाडांत वाचायची आणि कॉम्प्युटरने चुका जुळवायच्या. सुरुवातीला आरबीसीएल नावाचा जीन, म्हणजे डीएनएचा एक तुकडा, वाचला, तो पानाच्या हरितद्रव्याच्या कणांत असतो, एका पेशीत त्याच्या ढीगभर प्रती, त्यामुळं मिळायला सोपा. १९९३ साली जवळपास ५०० झाडांचा हा जीन जुळवून मोठा वंशवृक्ष छापला गेला आणि १९९८ ला एपीजी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने त्यावरून फुलझाडांचं नवं वर्गीकरण मांडलं, आता २०१६ ची चौथी आवृत्ती वापरात आहे.

पण ह्या हेळव्यावर डोळे झाकून विश्वास नको. हरितद्रव्याच्या कणांतला डीएनए बहुतेक फुलझाडांत आईकडूनच येतो, म्हणजे ती झाली नुसती आईकडची वंशावळ, बापाची बाजू त्यात दिसतच नाही. दोन जातींचा संकर झाला असेल तर पेशीच्या केंद्रातला डीएनए वेगळंच सांगतो. म्हणून दोन्हीकडचं वाचायला लागतं.

रक्ताचं म्हणाल तर रक्त नाही, पान लागतं. बुटाच्या खोक्यात सिलिका जेलची बारकी पुडी असते ना, तसल्याच जेलमध्ये कोवळं पान सुकवायचं. लॅबमध्ये द्रवरूप नायट्रोजन ओतून खलबत्त्यात कुटलं की पापडासारखा चुरा होतो. मग सीटॅब नावाचं साबणासारखं रसायन घालून गरम करायचं, क्लोरोफॉर्मने मळ काढायचा, गार अल्कोहोल ओतलं की पांढरे धागे वर येतात, शेवयांसारखे. हे मी स्वतः केलंय, आणि चिकट पानांचं करताना शिव्याही घातल्यात, कारण चिकटा डीएनएबरोबरच येतो आणि डीएनए वाचायची पुढची सगळी रिअॅक्शन फसते.

तुमच्या कुंडीचं पान : पाठवून काय करणार? नाव हवं असेल तर फुलाचा, पानाच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो पाठवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. डीएनए लागतो तो फोटोने नाव ठरत नसेल तेव्हा. कासवर मात्र पान तोडायचं नाही, तिथं अभ्यासकालाही वनखात्याची परवानगी लागते.