लहान कारखानदाराला कर्ज कोण देते : मोठी बँक की लहान?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझे फॅब्रिकेशनचे लहान वर्कशॉप आहे. ज्या बँकेत माझे वीस वर्षांपासून खाते होते, ती काही वर्षांपूर्वी एका मोठ्या बँकेत विलीन झाली. पूर्वीचे शाखाधिकारी संध्याकाळी घरी जाताना वर्कशॉपवर थांबत, शेडमध्ये लोखंडी अँगल-चॅनेल किती पडले आहेत ते पाहत आणि सीसी लिमिट (खेळत्या भांडवलासाठीची कॅश क्रेडिट मर्यादा) वाढवण्याची शिफारस स्वतः लिहीत. आता माझी फाइल दुसऱ्या शहरातील केंद्राकडे जाते आणि तेथून त्रुटींची यादी तेवढी परत येते. चीनमध्ये मात्र मोठ्या सरकारी बँकाच लहान उद्योगांना भरपूर कर्ज देतात, असे वाचण्यात आले. मग बँकेच्या आकाराचा आणि आमच्या कर्जाचा खरोखर काही संबंध आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : संबंध निश्चित आहे. तुम्ही वाचले तेही खरे आहे. पण ते प्रामुख्याने 2018 नंतरचे चित्र आहे आणि त्यामागे सरकारचा आदेश आहे. त्याआधीची दोन दशके चीनमधील लहान कारखानदाराचा अनुभव तुमच्यापेक्षा वेगळा नव्हता.

मुळात अडचण कोठे येते, हे तुमच्या पत्रातच आले आहे. शेडमध्ये पडलेला माल, कामगारांचे पगार वेळेवर होतात की नाही, बाजारात तुमचा शब्द किती पाळला जातो, हे सारे त्या शाखाधिकाऱ्यांना ठाऊक होते. परंतु यातले फारच थोडे ताळेबंदात उतरते. अर्थशास्त्रज्ञ अशा ज्ञानाला ‘मृदू माहिती’ म्हणतात. ती ज्याने मिळवली त्याच्याजवळच राहते, आणि मंजुरीचा अधिकार जितक्या पायऱ्या वर जातो तितकी ती वाटेत गळत जाते. लहान बँकेत माहिती असणारा आणि सही करणारा यांच्यात एखाददुसरी पायरी असते. मोठ्या बँकेत अशा अनेक पायऱ्या असतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात, आणि 5 लाखांच्या फाइलला 5 कोटींच्या फाइलइतकेच श्रम पडतात. म्हणून मोठी बँक साहजिकच कागदावर सिद्ध होणाऱ्या गोष्टींकडे, म्हणजे तारण, लेखापरीक्षित हिशेब आणि मोठा जामीनदार यांच्याकडे वळते.

चीनमध्ये या साऱ्याला आणखी एक जोड होती. इंडस्ट्रियल अँड कमर्शियल बँक ऑफ चायना (आयसीबीसी), चायना कन्स्ट्रक्शन बँक, ॲग्रिकल्चरल बँक ऑफ चायना आणि बँक ऑफ चायना या चार मोठ्या सरकारी बँकांचे हक्काचे ग्राहक म्हणजे सरकारी कंपन्या. सरकारी कंपनीचे कर्ज बुडाले तर तिच्यामागे सरकार उभे राहील, असा समज होता. खासगी कारखान्याचे बुडाले तर ते देणाऱ्या अधिकाऱ्यावर ठपका येई. त्यातच कर्जाच्या व्याजदराचा किमान स्तर जुलै 2013 मध्ये आणि ठेवींच्या दराची कमाल मर्यादा ऑक्टोबर 2015 मध्ये उठेपर्यंत या बँकांना स्वस्त ठेवी आणि सुरक्षित नफा, दोन्ही आयतेच मिळत होते. थकीत कर्जांनी हैराण होऊन 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी काउंटी, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या, पातळीवरील हजारो शाखा बंद केल्या आणि मंजुरीचे अधिकार वर नेले. लहान कारखानदार मग खासगी सावकारीकडे गेले. त्याची परिणती 2011 मध्ये वेनझोउ शहरात दिसली : चढ्या व्याजाची देणी फिटेनात, म्हणून कित्येक कारखानदार गाव सोडून पळाले.

वेनझोउच्या शेजारीच, त्याच झेजियांग प्रांतात, ताइझोउ नावाचे शहर आहे. लहान बँकेचे बळ कशात असते, हे पाहायचे तर या शहरासारखे उदाहरण नाही. येथील तायलोंग बँक 1993 मध्ये नागरी पतसंस्था म्हणून सुरू झाली. ज्याच्याकडे नीट हिशेबवह्याही नाहीत, अशा कारखानदाराला पारखण्यासाठी तिने तीन गोष्टी ठरवल्या : माणूस कसा आहे, त्याचा माल कसा आहे आणि त्याची मालमत्ता काय आहे. त्यांच्या जोडीला तीन आकडे, म्हणजे पाण्याचा मीटर, विजेचा मीटर आणि निर्यात असेल तर सीमाशुल्काचा तक्ता. विक्रीचे आकडे फुगवता येतात. पण यंत्रे बंद असतील तर विजेचा मीटर पुढे सरकत नाही. कर्ज अधिकारी कारखान्यात जाऊन मीटर वाचतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतो. तुमचे जुने शाखाधिकारी अँगल-चॅनेल पाहत होते, तीच ही रीत. फरक इतकाच की तायलोंगने ती एका अधिकाऱ्याच्या सवयीवर न सोडता बँकेची पद्धत म्हणून लिहून ठेवली. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण अधिकाऱ्याची बदली झाली तरी पद्धत मागे राहते. पुढे जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ झालेले लिन यीफू 2000 च्या दशकाच्या आरंभापासून हेच मांडत होते, की चीनचे बहुसंख्य उद्योग लहान आहेत, तेव्हा त्यांना साजेशा लहान स्थानिक बँका हव्यात.

मग मोठ्या बँका पुढे आल्या त्या कशा? 2019 मध्ये चीनच्या सरकारने मोठ्या सरकारी बँकांना लहान व सूक्ष्म उद्योगांची कर्जे 30 टक्क्यांहून अधिक वाढवण्याचे उद्दिष्ट दिले आणि 2020 मध्ये ते 40 टक्क्यांवर नेले. एका उद्योगाला 1 कोटी युआनपर्यंतची (युआन हे चीनचे चलन) कर्जमर्यादा असलेली कर्जे यासाठी मोजली जात. उद्दिष्ट गाठता आले, कारण दरम्यान माहितीचे रूप बदलले होते. 2015 पासून कर खात्याकडील नोंदी बँकांना कर्जासाठी वापरता येऊ लागल्या, आणि चायना कन्स्ट्रक्शन बँकेने 2018 मध्ये आणलेल्या ॲपवर मालकाला मोबाइलवरूनच कर्जाची मर्यादा कळू लागली. जे पूर्वी अधिकाऱ्याच्या डोक्यात होते, त्यातले काही आता संगणकात आले, आणि संगणकातली माहिती कितीही पायऱ्या चढली तरी गळत नाही.

परंतु हे सर्वांच्या वाट्याला आले नाही. स्वस्त ठेवींच्या जोरावर मोठ्या बँकांनी व्याजदर उतरवले आणि लहान बँकांचे चांगले ग्राहक नेले. चिनी बँकवाले याला शेंडे खुडणे म्हणतात. ज्याची विक्री रोखीत चालते, ज्याची करनोंद जेमतेम आहे, त्याच्यासाठी मीटर वाचणारा माणूसच लागतो. चांगले ग्राहक गमावलेली लहान बँक असा माणूस किती काळ पोसू शकेल, ही मला खरी काळजी वाटते.

तुमच्यापुरते सांगायचे तर, फाइल दूरच्या केंद्राकडेच जाणार असेल तर तुमचा व्यवसाय तेथवर पोहोचेल अशा रूपात पाठवा. जॉबवर्कची सारी बिले चालू खात्यातून फिरवा, जीएसटी विवरणपत्रे वेळेत भरा, उद्यम नोंदणी अद्ययावत ठेवा आणि महावितरणची दोन वर्षांची वीजबिले मागितली नाहीत तरी जोडा. अर्ज देण्याआधी तुमच्या रकमेच्या मंजुरीचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, हे शाखेत स्पष्ट विचारा. एखाद्या स्थानिक सहकारी बँकेत तो अधिकार नागपुरातच असेल, तर अर्धा-एक टक्का व्याज जास्त पडले तरी तेथे एक खाते राखावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : लहान बँका लहान उद्योगांना जवळच्या वाटतात, पण त्या बुडतातही. चीनमध्ये असे घडले आहे का?
— एक व्यापारी, इतवारी, नागपूर

उत्तर : घडले आहे. इनर मंगोलियातील बाओशांग बँक एकेकाळी लहान कर्जांसाठीच नावाजलेली होती. 24 मे 2019 रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. तिला लहान कर्जदारांनी बुडवले नव्हते. तिच्या प्रमुख भागधारक समूहाने बनावट कंपन्यांच्या नावे 15,600 कोटी युआन काढून घेतले होते. 2022 मध्ये हेनान प्रांतातील काही ग्रामीण बँकांच्या ठेवीदारांचे पैसे अडकले आणि लोक प्रांताच्या राजधानीत, झेंगझोउमध्ये, रस्त्यावर आले, तेथेही बँकांच्या मागे असलेल्यांचे गैरव्यवहार पुढे आले. त्यामुळे लहान बँक निवडताना तिने किती छोट्या लोकांना कर्ज दिले याची धास्ती बाळगू नका. संचालक व त्यांच्या नातेवाइकांना किती दिले, हे वार्षिक अहवालात शोधा. आणि आपल्याकडे ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंतच आहे, हे ठेव ठेवण्यापूर्वी ध्यानात घ्या.