घरी शिवलेल्या रेन कव्हरला नुसता स्प्रे पुरतो का?

नाही पुरत. तुम्ही म्हणताय की पॉलिस्टरवर स्वतःचं डिझाईन सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात उतरवून, प्रिंट करून घेतलंय, त्याचं सॅकचं रेन कव्हर शिवणार, तर वॉटरप्रूफ स्प्रे मारून भागेल का आणि प्रिंट जाईल का. स्प्रेने कापड पाणी पीत नाही एवढंच, विणीतली भोकं उघडीच राहतात. रिमझिमीत चालतं, पण सह्याद्रीतल्या जुलैच्या वाऱ्यात पाऊस आडवा आपटतो आणि सॅक जिथे दाबली जाते तिथून पाणी आत शिरतंच.

आमच्या ग्रुपची सगळी कव्हरं मीच शिवली होती, लोगो छापलेल्या टफेटाची, म्हणजे पातळ, घट्ट विणीच्या कापडाची. मला आतून कोटिंग करायचं होतं, पण एक दादा म्हणाले कशाला एवढा उद्योग, आणि निघायच्या आदल्या रात्री स्प्रे मारून मोकळे झाले. राजगडावर सगळ्यांच्या स्लीपिंग बॅगा भिजल्या आणि खापर फुटलं माझ्यावर, म्हणे घरची शिलाई अशीच असते. फार लागलं मला ते, दुमडून दोन टिपा मारल्या होत्या मी प्रत्येक शिवणीला! घरी येऊन तेच कव्हर बादलीवर ढिलं बांधलं आणि जिथे एकही टीप नाही अशा मधल्या भागात तांब्याभर पाणी ओतून ठेवलं. खालून थेंब पडायला लागले. व्हिडिओ ग्रुपवर टाकला तरी दादा आजही शिलाईच म्हणतात. म्हणून सांगते, असं कोणी म्हणालं की आधी बादली मागा.

करायचं काय, तर काच बसवायला वापरतात ते शंभर टक्के सिलिकॉन घ्या, ॲक्रिलिकवालं नको, आणि पेंटच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळवा, वजनाने साधारण एक भाग सिलिकॉनला दहा भाग टर्पेंटाइन, वीण सैल असेल तर मिश्रण जरा घट्ट. आधी कव्हर शिवून घ्या मग आतल्या बाजूने ब्रशने लावा, जास्तीचं पुसून टाका आणि दिवसभर वाळू द्या. सुईची भोकं राहतातच, तेव्हा शिवणींवर थोडं दाट मिश्रण परत फिरवा. नंतर शिवणींवर चिकटवायची पीयूची (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) सीम टेप लावू म्हणाल तर सिलिकॉनवर ती चिकटत नाही.

प्रिंटचं म्हणाल तर सब्लिमेशनचा रंग धाग्याच्या आत गेलेला असतो, सहसा जात नाही, पण शेड किंचित गडद दिसू शकते. पिगमेंट प्रिंट, म्हणजे रंग कापडावर वरून चिकटवलेला असेल, तर काही सांगता येत नाही, प्रिंट कुठलीही असो, आधी तुकड्यावर करून बघाच. आणि हो, हे काम गच्चीत करा, टर्पेंटाइनची वाफ पेट घेते, गॅसजवळ अजिबात नको. जॅकेटसाठी मात्र हा प्रकार करू नका, हवा खेळत नाही आणि घामाने आतूनच भिजाल.